दारव्ह्याचा उंट

श्रीकृष्ण माहूरकरांनी तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा नाझर म्हणून. पण आता दारव्ह्यात त्यांना नाझर कोणी म्हणत नव्हतं. ते स्पृहाचे बाबा झाले होते. दूध आणायला गेले तरी दूधवाला विचारायचा, "काय म्हणते पोरगी? जिंकून राह्यली ना?"

पोरगी जिंकत होती. यवतमाळला एका मंगल कार्यालयात राज्याची खुली बुद्धिबळ निवड स्पर्धा भरली होती. बाया-पुरुष, लहान-मोठे सगळे एकाच यादीत, नऊ फेऱ्या, आणि पहिले चार राष्ट्रीय स्पर्धेला. आठ फेऱ्यांनंतर स्पृहा तिसऱ्या नंबरवर होती. पुण्याची नोकरी सोडून ती चोविसाव्या वर्षी घरी परतली, तेव्हा आईनं, रत्नप्रभाबाईंनी, तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं: एक वर्ष. या वर्षात राष्ट्रीयला गेलीस तर खेळ, नाही तर पुन्हा नोकरी. त्या वर्षाचे आता दोनच महिने उरले होते.

स्पर्धेचं प्रक्षेपण यूट्यूबवर होतं. कोणी बाहेरून खेळाडूला चाल सुचवू नये म्हणून ते पंधरा मिनिटं उशिरानं दाखवायचे. पटाशेजारी लोकांच्या गप्पांची पट्टी सतत वर सरकत असायची. पाचव्या फेरीत स्पृहानं एका मोठ्या खेळाडूला हरवलं आणि त्या पट्टीत तिचे चाहते उगवले. 'स्पृहा सेना' नावाचा गट निघाला, चार दिवसांत चार हजार माणसं. कोणी अकोल्याचं, कोणी दुबईचं. त्यातलाच एक होता 'दारव्ह्याचा उंट'. हा उंट म्हणजे स्वतः श्रीकृष्णराव, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मुलीची बाजू घेऊन ते भांडायचे, तिच्या लहानपणच्या डावांबद्दल जाणकारासारखं लिहायचे, आणि त्यावर लोकांचे अंगठे पडले की पुन्हा पुन्हा मोजायचे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी वाचत होतं.

शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी आठला स्पृहाचा फोन आला. रोजच यायचा. फोन स्पर्धेच्या दारात जमा करण्याआधी ती बाबांना आपली तयारी सांगायची. तिला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं होतं.

"साकेत आज माझ्याविरुद्ध सिसिलियन बचाव खेळणार, बाबा. चौदाव्या चालीला मी घोडा देऊन टाकणार. एफ-पाचवर. आणि तो त्यानं मारला की सगळ्यांना वाटेल आता वजीर आणेल. मी नाही आणणार. हत्ती ई-एकवर आणून गप बसणार."

"फुकट घोडा?"

"फुकट नाही. पंधरा दिवस बसले आहे त्यावर. कोणाले सांगू नका."

"मी कोणाले सांगतो, बेटा!"

डाव दहाला सुरू झाला. बाराव्या चालीपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं, पण गप्पांच्या पट्टीत साकेतचे नागपूरकर चाहते जोरात होते. एकानं लिहिलं, "बाई इथवर आली हेच खूप. आता रडत घरी जाणार." दुसऱ्यानं त्यावर हसरे चेहरे टाकले. श्रीकृष्णरावांची कानशिलं तापली. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "थांबा जरा. चौदावी चाल बघा. घोडा एफ-पाच."

तीन मिनिटांनी पडद्यावर स्पृहाचा घोडा एफ-पाचवर जाऊन बसला.

पट्टी वेडी झाली. "उंटभाऊ, सलाम!" "उंट ग्रँडमास्टर आहे!" साकेतनं घोडा मारला. श्रीकृष्णरावांनी तिथंच थांबायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, "आता सगळे वजीर आणा म्हणतील. ती हत्ती ई-एकवर आणणार." आणि हत्ती ई-एकवर आला.

"उंटभाऊ, तुम्हाला कसं कळतं हो?" कोणीतरी विचारलं.

साठी उलटलेला माणूस, पण छाती फुगली. त्यांनी लिहिलं, "माझं तिच्याशी बोलणं झालंय."

मग एक ओळ आली: "बोलणं झालंय? कधी?" दुसरी आली: "प्रक्षेपण पंधरा मिनिटं मागे आहे. याला चाली आधी कळतात. म्हणजे हा हॉलमधल्या कोणाशी तरी आत्ता बोलून राह्यला." तिसरी: "मशीन लावून चाली पुरवतो आहे. चोर पकडला." श्रीकृष्णरावांनी घाईघाईनं आपले तिन्ही संदेश पुसून टाकले. हे त्याहून वाईट झालं. कोणीतरी आधीच फोटो काढून ठेवले होते, आता त्या फोटोंखाली लिहून आलं, "पुरावा मिटवला." वीस मिनिटांत ते फोटो पाच गटांत फिरले, आणि एकानं अभिमानानं कळवलं की मुख्य पंचांकडे तक्रार गेली आहे.

साडेअकराला पडद्यावर दोन बायका स्पृहाच्या टेबलाजवळ आल्या. एकीनं वाकून काहीतरी सांगितलं. स्पृहानं मान वर केली, घड्याळ थांबवलं गेलं, आणि ती उठून त्यांच्यामागे गेली. खुर्ची रिकामी. स्पृहा सेनेतल्याच एका माणसानं लिहिलं, "मी हिच्यासाठी चार दिवस भांडलो. लाज वाटते."

"अहो, काय झालं?" रत्नप्रभाबाई हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्या खाली बसल्या.

श्रीकृष्णरावांनी सगळं सांगितलं. स्पर्धेच्या परिपत्रकावरचा आयोजकांचा नंबर रत्नप्रभाबाईंनीच लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग म्हणाल्या, "इथं बसून काय करता? जा आणि सांगा, की ते तुम्ही होते. इकबालले हाक मारते मी."

इकबालचं गाड्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान दोन घरं सोडून होतं. त्यानं ग्रीस लागलेल्या हातांनीच आपली जुनी गाडी काढली. "बसा काका. पाऊण तासात पोचवतो."

पोचले नाहीत. बोरी अरब गावाच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यात एक ट्रॅक्टर आडवा. इकबाल हॉर्न वाजवत होता, खिडकीतून ओरडत होता. श्रीकृष्णराव फोन उघडत होते, बंद करत होते. नेटवर्क नव्हतं. मग अचानक आलं आणि साठ-सत्तर संदेश एकदम कोसळले. स्पृहाचा दहावीतला फोटो कोणी शोधून काढला होता, त्यावर लाल अक्षरात 'चोर'. त्यांनी फोन मांडीवर पालथा घातला.

"काका, तुम्ही कायले ते वाचून राह्यले?" इकबाल म्हणाला. "आपल्याले पंचाशी बोलायचं आहे. त्या लोकांशी नाही."

"इकबाल, मी सकाळी तिले म्हणलो, मी कोणाले सांगतो."

इकबालनं गिअर बदलला आणि गाडी रस्त्याच्या कडेनं, मातीतून, पुढं काढली.

मंगल कार्यालयाच्या दारात त्यांना अडवलं. पालकांना आत प्रवेश नव्हता. श्रीकृष्णराव आवाज चढवून बोलले, मग हात जोडले, मग पुन्हा आवाज चढवला. शेवटी मुख्य पंच उर्वशी राठोड स्वतः बाहेर आल्या. उंच, शांत बाई, गळ्यात ओळखपत्र.

"मॅडम, तो उंट मी आहे," श्रीकृष्णराव म्हणाले. "मी तिचा बाप. तिनं सकाळी तयारी सांगितली होती, फोन जमा करायच्या आधी. तेवढंच मी लिहिलं. तिचा काही दोष नाही."

"आम्ही तिची तपासणी केली," उर्वशीबाई म्हणाल्या. "काहीच सापडलं नाही. डाव पुन्हा सुरू झाला आहे. तुम्ही हे सगळं लिहून द्या, वेळेसकट."

त्यांना हायसं वाटलं. व्हरांड्यातल्या टेबलावर बसून त्यांनी कचेरीतल्या सुवाच्य अक्षरात पानभर लिहिलं, सही केली, आधार क्रमांक टाकला. उर्वशीबाईंनी कागद उभ्या-उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला.

"काका, एक अडचण आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तपासणीच्या वेळी मी तुमच्या मुलीला ते फोटो दाखवले. हा माणूस कोण, विचारलं. तिनं लिहून दिलंय, की ओळखत नाही."

श्रीकृष्णरावांना आधी कळलंच नाही. घोडा एफ-पाच जगात दोनच माणसांना माहीत होता. तिनं नाव वाचताक्षणी ओळखलं असणार. ओळखलं, आणि बापाला झाकलं. आता त्यांच्याच कागदानं ती खोटी ठरत होती.

"मग माझा कागद परत द्या," ते म्हणाले.

"तो आता माझ्याकडे आला, काका."

"मॅडम, फाडून टाका. मी नाही लिहिलं म्हणा. मी आलोच नाही म्हणा!" त्यांनी कागदाला हात घातला. इकबालनं त्यांना मागून धरलं. उर्वशीबाईंनी कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच श्रीकृष्णरावांना सोसवेना.

"समितीसमोर दोन्ही कागद ठेवावे लागतील," एवढं बोलून त्या आत गेल्या.

बाहेरच्या मंडपात इतर पालक फोनभोवती गोळा झाले होते. एक जण म्हणत होता, "पोरगी जिंकतेय बरं का. घोडा देऊनही सरळ जिंकतेय." श्रीकृष्णराव त्याच्या खांद्यावरून बघू लागले. पट खरंच सुंदर दिसत होता. साकेतचा राजा मधोमध अडकला होता, स्पृहाचे दोन्ही हत्ती त्याच्यावर रोखलेले. एक चाल होती, वजीर एच-पाच, की संपलं. त्यांनाही ती दिसत होती. ते टाचा उंचावून आणखी पुढं झुकले.

तेवढ्यात दार उघडलं आणि स्पृहा बाहेर आली. केस सुटलेले, पिना तपासणीत काढून घेतल्या होत्या, त्या तिच्या मुठीत होत्या.

"बरोबरी," ती म्हणाली.

मागच्या माणसाच्या फोनवर ती अजून जिंकत होती.

"पण वजीर एच-पाच..."

"दिसली होती." ती बाकावर बसली. "तिथंच दिसली, बाबा, दोन मिनिटांत. पण ती चाल मशीनचीच वाटते. वाटलं, ही खेळले तर सगळे म्हणतील, बघा, सांगितली कोणीतरी. म्हणून दुसरी खेळले. माणसासारखी. मग ते निसटलं."

श्रीकृष्णराव तिच्यासमोर उभे होते. बसायची हिंमत होत नव्हती. "मी सांगायला आलो होतो. लिहून दिलं, की तो मीच."

तिनं मान वर केली. "लिहून दिलं?"

"हो."

"सही करून?"

त्यांनी मान हलवली. स्पृहानं मुठीतल्या पिना बाकावर टाकल्या. "काहून लिहिलं बाबा तुम्ही? ते कागदावर तर लिहिलं, पण त्या लोकांमध्ये काहून लिहिलं? कोण होते ते तुमचे?"

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते तिला सांगण्याजोगं नव्हतं. इकबाल पाण्याची बाटली घेऊन आला. ती पाणी प्यायली, तिनं चेहरा धुतला आणि इकबालच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

ती पाचवी आली. राष्ट्रीय अर्ध्या गुणानं हुकलं.

त्याच संध्याकाळी श्रीकृष्णरावांनी गटात स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह सगळं लिहिलं. काहींनी माफी मागितली. काहींनी लिहिलं, बाप-लेकीचं आधीच ठरलेलं होतं. एकानं विचारलं, काका, पुढच्या स्पर्धेत काय खेळणार ती? दोन दिवसांत सेना पांगली. त्यांना दुसरा कोणी आवडायला लागला होता.

समितीचं पत्र महिन्यानं आलं. फसवणूक झालेली नाही, असं त्यात स्पष्ट होतं. पंचांना खोटी माहिती दिल्याबद्दल तीन महिने खेळायला मनाई, असंही होतं. स्पृहानं पत्र वाचून टेबलावर ठेवलं. रत्नप्रभाबाईंनी ते उचललं, डोळ्यांजवळ धरलं, आणि म्हणाल्या, "वर्षाचं मी बोलले होते, ते तीन महिने पुढं ढकलू. हे तीन महिने धरायचे नाहीत." स्पृहा उठून आईच्या गळ्यात पडली. श्रीकृष्णराव दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि आपणहून आत जाणं त्यांना जमलं नाही.

ती रोज अभ्यास करायची. पट मांडायची, वहीत चाली लिहायची. बाबा खोलीत आले की वही मिटत नव्हती. पण तिचं चाली पुटपुटणं थांबायचं, आणि ते पेपर उचलून परत बाहेर यायचे. तिच्या आवाजात राग नव्हता. जेवायला हाक मारायची, चष्मा कुठं ठेवलाय ते सांगायची.

मनाई संपली त्या आठवड्यात तिनं अमरावतीच्या स्पर्धेत नाव दिलं. श्रीकृष्णराव बॅग घेऊन तिला स्टँडवर सोडायला गेले. जीप भरेपर्यंत दोघं उन्हात उभे राहिले. त्यांना बरंच बोलायचं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पहिली फेरी कितीला?"

"दहाला." ती जीपमध्ये चढली, बॅग मांडीवर घेतली. चालकानं गाडी सुरू केली तेव्हा खिडकीतून वाकून म्हणाली, "ऊन लागून राह्यलं बाबा, जा तुम्ही घरी. पोचले की आईले फोन करते."