वाटेच्या कडेचे दगड

फळीवरून डब्याचं झाकण खणकन खाली पडलं. प्रविणनं झाकण उचललं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मोठ्या बाभळीच्या बुडाला. वर गोल दगड ठेवलाय, नदीतला."

लग्नाला सात वर्षं झाली, पण हे मी नवऱ्याला पहिल्यांदाच विचारलं होतं. आमची थोरली नऊ दिवसांची होऊन गेली. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका मागं जात नाहीत. मी दारातच राहिले, दूध दाटून आलेलं. कचरा डेपोमागच्या ओढ्याकाठी नेलं, एवढंच कानावर आलं.

आता तिथला कचरा उचलून, काळी माती टाकून झाडांची बाग केलीय. बागेत जायला बायकांना कोण अडवणार? मला एकदा तो दगड बघायचा होता. हात लावायचा होता.

सकाळी धाकटीला, चार वर्षांच्या शिवकन्याला, घेऊन रिक्षात बसले. आपला एक दगड बघायला जायचंय, एवढंच तिला सांगितलं. डेपोचं वळण आलं तसा शेजारच्या म्हातारीनं पदर नाकाला लावला. मग स्वतःच हसली. "आता कुठला वास! सवय जात न्हाई बघ."

आत करंज, कडुनिंब, साळुंक्यांचा कलकलाट. बाभळी पाच-सहा, सगळ्या सारख्याच मोठ्या. एकीच्याही बुडाला दगड नव्हता.

राखणदार धोंडीराममामा पाइपानं झाडांना पाणी देत होते. आष्टीकडचे, नवीनच आलेले. त्यांना विचारलं.

"दगड व्हय? लई होते की बाई, ह्याच बाभळींखाली. चांगले गोल गोल. कुणी आणून टाकले, देव जाणे. मीच गोळा केले, पांढरा रंग दिला अन् वाटेला लावले. ब्येस दिसतंय का न्हाई?"

लई होते. म्हणजे माझी एकटी नव्हती इथं.

"ब्येस दिसतंय, मामा," मी म्हणाले. इतक्या हौसेनं मांडलेलं. दुसरं काय बोलणार?

वाकून एकेका दगडाला हात लावत चालले. उन्हानं कोमट झाले होते. शिवकन्या पुढं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. ओरडणार होते, ओरडले नाही.

मग ती थांबली. उकिडवी बसली, माझ्यासारखाच तळवा एका दगडावर ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. वर बघितलं.

"आई, ह्यातला आपला कंचा?"