झरोकाबाई

महासाथीत बंद पडलेलं कॉलेज पुन्हा उघडायचं ठरलं, तेव्हा पहिला नकार आला तो ग्रंथपालांचा.

ग्रंथपाल निवृत्तीला टेकलेले. नाकावर माशी बसू न देणारे. वाचनालयात कुणी नुसती खुर्ची ओढली तरी त्यांची मान वर व्हायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द तोंडातच विरायचा. मुलं पाठीमागे त्यांना 'गप्पसर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

किल्ल्या मागायला आली ती इमारतींची देखभाल बघणारी अभियंता. पस्तिशीची बाई, कॉलेजात नवीच. जाईल तिथं आधी खिडकी शोधायची, म्हणून बोटांवर मोजण्याइतक्या दिवसांत तिचं नाव 'झरोकाबाई' पडलं होतं.

"सर, वाचनालयाची हवा तपासायची आहे," ती दारातूनच म्हणाली.

"तपासायचं काय त्यात? आत कुणी बसणारच नाहीये. पुस्तकं दारावर देऊ, दारावर परत घेऊ. संचालकांना तसं कळवलंय मी."

"कितीतरी मुलांना घरी अभ्यासाला कोपरा नाहीये. एका खोलीत पाच-पाच माणसं..."

"कळतं मला. तरी नाही."

आता ही नियम दाखवणार, नाहीतर वर तक्रार करणार, असं ग्रंथपालांना वाटलं. त्यांनी उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते, ते सांगाल का?"

इतक्या महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सूचना सगळ्यांनी दिल्या होत्या. ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बायकोची फुप्फुसं नाजूक आहेत," ते म्हणाले. "साधी सर्दी झाली तरी आम्हाला दवाखाना गाठावा लागतो. मी हे दुखणं घरी नेलं तर तिच्याकडे झुंजायला काही शिल्लक नाही."

"मग तुमच्या नाही म्हणण्यात काहीच चुकीचं नाही," ती म्हणाली. "माझी एवढीच विनंती आहे. आधी मोजू. वाईट निघालं, तर तुमच्या बाजूनं संचालकांपुढे मी उभी राहीन."

त्या संध्याकाळी ग्रंथपाल नेहमीसारखे बाहेरच्या खोलीत जेवले. बायको आतल्या खोलीत, मधे उघडं दार. साथ आल्यापासून त्यांचा संसार असा उंबरठ्याच्या दोन बाजूंना चालला होता. त्यांनी झरोकाबाईचं सगळं सांगितलं.

"म्हणजे अहो," बायको आतून म्हणाली, "माझ्या नावावर तुम्ही अख्ख्या वाचनालयाला कुलूप घातलंत की."

"तुझ्यासाठीच ना."

"मला कुठं विचारलंत? मोजू द्या तिला. मोजण्यानं कुणी आजारी पडत नाही."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी कुलूप काढलं. झरोकाबाईच्या हातात साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं, कचेरीतल्या काही जणांना मास्क लावून लांब लांब बसवलं आणि दारं-खिडक्या रोजच्यासारख्या बंदच ठेवल्या. यंत्रावरचा आकडा आधी रेंगाळत, मग भराभर चढू लागला.

"आपण श्वास सोडतो त्यातला वायू हे मोजतं," ती म्हणाली. "आकडा चढला की समजायचं, आपण एकमेकांनी सोडलेली हवा परत आत घेतोय. त्यात एकाला जरी लागण झालेली असली, तर त्याचा वाटा सगळ्यांना."

"म्हणजे उष्टी हवा," ग्रंथपाल म्हणाले.

झरोकाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "सर, मी एवढी भाषणं दिली. हा शब्द काही मला सुचला नाही."

तो शब्द तिनं उचलला, आणि आठवड्याच्या आत कॉलेजभर झाला. शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत जो तो वर्गात पाऊल टाकताना विचारू लागला, "इथली हवा उष्टी नाही ना?"

त्या दिवशी मात्र लोकांना त्या हवेत बसवून ठेवायला नको म्हणून तिनं लगेच खिडक्या उघडायला सांगितल्या, आणि मग ती गच्चीवर गेली. ग्रंथपालही गुडघे सांभाळत मागोमाग चढले. बाहेरची ताजी हवा आत ओढणारं मोठं नळकांडं तिथं होतं, आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी पत्रा ठोकून टाकला होता. कधी काळी कुणीतरी, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. पत्र्यावर पक्ष्यांनी घरटी केली होती. म्हणजे कित्येक वर्षं खालची यंत्रणा इमाने इतबारे तीच ती हवा गरगर फिरवत होती.

"हे कुणाचं डोकं?" ग्रंथपाल तापले.

"असेल कुणाचं तरी. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला," ती म्हणाली, आणि पिशवीतून पाना काढून खाली बसली.

हे ग्रंथपालांच्या मनात घर करून राहिलं. त्यांनी उभ्या जन्मात इतके अधिकारी पाहिले होते, पण दोष सापडल्यावर आधी दोषी शोधायचा सोडून थेट पाना काढणारी ही पहिलीच.

पत्रा निघाला, खाली आकडा उतरला, पण सगळीकडे सारखा नाही. ताजी हवा कुठं पोचते आणि कुठं घोडं पेंड खातं, ते शोधायला झरोकाबाई बारीक धूर सोडून तो कुठल्या वाटेनं जातो ते बघत हिंडत होती. ग्रंथपाल थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्या मागच्या कोपऱ्यात बघा. इतिहासाच्या कपाटांपाशी. आणि जिन्याखाली."

"तिथंच का?"

"तिथल्या पुस्तकांना बुरशी धरते. दरवर्षी पुसतो आम्ही, दरवर्षी परत धरते. बाकी कुठं नाही."

तिनं कोपऱ्यात धूर सोडला. तो जागच्या जागी लोंबकळत राहिला, बिन बोलावलेल्या पाहुण्यासारखा. ती खूश झाली. "चला, दोघं मिळून फिरू," म्हणाली. मग तिनं धूर सोडायचा आणि त्यांनी कुठल्या कपाटाला कसला वास येतो ते सांगायचं, असे ते सगळं वाचनालय हिंडले. दोघांचं बरंचसं जुळलं. एक-दोन ठिकाणी ग्रंथपालांचं नाक फसलं. तेही तिनं हसत हसतच सांगितलं.

त्या कोंदट कोपऱ्यांसाठी तिनं एक जुगाड काढलं. जाड गाळण्यांच्या चार भिंतींचा खोका, वर साधा पंखा, फटींना चिकटपट्टी. पंखा फिरला की आजूबाजूची हवा गाळण्यांतून खेचली जाते आणि वरून स्वच्छ होऊन बाहेर पडते. सुतारकाकांनी चौकटी केल्या, प्राध्यापकांनी पट्ट्या चिकटवल्या. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी पहिली गाळणी उलटी बसवली, तेव्हा सुतारकाका म्हणाले, "सर, तुमच्या विषयात चालत असेल हे, हवेत नाही चालत." सगळ्यांत मोठ्यानं हसले ते प्राध्यापकच.

पण खोका चालू झाला आणि ग्रंथपालांच्या कपाळावर आठी पडली. काय तो आवाज! गिरणीच जणू.

"हे माझ्या वाचनालयात चालणार नाही," ते म्हणाले.

"घुर्र तर होणारच, सर."

"बाई, मी तीस-पस्तीस वर्षं इथं शांतता राखली. आता काय गिरणीत बसवू मुलांना?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जीव मोठा की शांतता. झरोकाबाई म्हणाली, "दोन दिवस द्या." पंखा हळू फिरवला तर आवाज मरतो, पण कामही कमी होतं. मग तिनं खोकेच वाढवले. एक जोरात घोंघावण्यापेक्षा अनेक हळूहळू चालू देत. दोन दिवसांनी ग्रंथपाल डोळे मिटून मधल्या टेबलापाशी बसले. लांबून समुद्राची गाज यावी तसा आवाज होता. त्यात पुस्तकाचं पान उलटलं तर ऐकू येईल का, म्हणून त्यांनी पान उलटून पाहिलं. आलं.

"चालेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'चालेल' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या.

मग गाठ पडली ती संचालकांशी. त्यांची बैठकीची खोली म्हणजे कॉलेजचा दिमाख. लाकडी भिंती, जाड पडदे, खिडकी औषधालाही नाही. उघडण्याच्या तयारीची बैठक तिथंच बोलावली होती. ग्रंथपाल पोचले तर दाराशी झरोकाबाई उभी. हातात तिचं यंत्र, आणि दारावर तिच्याच अक्षरात कागद: 'या खोलीत बैठक घेऊ नये.'

मागून संचालक आले. कागद वाचला. "हे कुणी लावलं?"

"मी, सर."

"ही माझी खोली आहे."

"हो सर. म्हणूनच आधी मोजली. कॉलेजातली सगळ्यात वाईट हवा हिचीच निघाली. मुलांच्या ज्या वर्गांची हवा वाईट निघाली, त्यांना मी कुलूप लावलंय. ही उघडी ठेवली तर उद्या माझं कोण ऐकेल?"

पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते असं, ग्रंथपालांना वाटलं. भीती बाईलाही वाटतच असणार, पण ती दारातून हलली नाही. ते पाहिलं आणि त्यांच्या मनात ती आणखी एक हात उंच झाली. ते पुढं झाले. "सर, माझी खोली तपासली तेव्हा मलाही राग आला होता," म्हणाले. "दोन दिवसांत उतरतो."

संचालक माणूस तालेवार, पण कोत्या मनाचा नव्हता. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग आत जाऊन स्वतःची खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात आणून टेकवली. "बसा," म्हणाले. "थंडी फार वाजली तर बैठक लवकर संपेल, तेवढाच फायदा." बैठक खरोखरच लवकर संपली. त्यानंतर वर्षभर संचालकांच्या सगळ्या बैठका व्हरांड्यातच झाल्या.

वाचनालय उघडलं ते ऐन थंडीत. वरच्या खिडक्या बोटभर फटीनं उघड्या, टेबलं लांब लांब, सगळे मास्क लावून आणि स्वेटर चढवून. पहिल्या दिवशी मुलं येऊन बसली, आणि एक मुलगी पुस्तक न उघडता नुसतीच बसून राहिली. ग्रंथपालांनी जवळ जाऊन विचारलं, काय हवंय? ती म्हणाली, "काही नाही सर. घरी इतकं शांत कधी नसतं."

काही आठवड्यांनी जे व्हायचं ते झालं. दिवसभर आत बसून गेलेला एक विद्यार्थी तपासणीत बाधित निघाला. वाचनालय तूर्त बंद झालं. त्या दिवशी आत असलेल्या सगळ्यांना घरी थांबवलं. ग्रंथपालही त्यातच. ते बाहेरच्या खोलीत कोंडून बसले, मधलं दार आता बंद. पलीकडून बायकोचा खोकला ऐकू आला की ते उठून दाराला कान लावायचे. तो खोकला तिचा नेहमीचाच होता, हे माहीत असूनही.

झरोकाबाईचा रोज फोन यायचा. धीराची पोपटपंची ती करायची नाही. आज कुणाची तपासणी झाली, काय निघालं, एवढं सांगायची. एकेक करून सगळे निकाल आले. दुसरं कुणीही बाधित नव्हतं. ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला.

"तुमच्या खोक्यांनी वाचवलं आम्हाला," ते म्हणाले.

"तसं मी छातीठोकपणे नाही सांगणार, सर. मास्क होते, अंतर होतं. नशीबही असेल. हवेचा हात त्यात होता असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं."

संचालक तिचा सत्कार करायला निघाले होते. तिनं त्यांनाही हेच सांगितलं. वर सुचवलं की सत्काराचं सभागृह अजून तिनं तपासलेलं नाही.

वाचनालय पुन्हा उघडलं, तशी बायकोनं एका संध्याकाळी विषय काढला. "मला यायचंय तिथं. किती महिने या भिंती बघू?"

ग्रंथपालांना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. त्यांनी झरोकाबाईला गाठलं. "तुमची आई असती अशा तब्येतीची, तर बसवलं असतं का तुम्ही तिला इथं?"

तिनं वर खिडक्यांकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं. "आधी डॉक्टरांना विचारलं असतं," ती म्हणाली. "त्यांनी हो म्हटलं, तर सकाळी, गर्दी व्हायच्या आत. खिडकीपाशी, चांगला मास्क लावून. आणि हे यंत्र तिच्यासमोर ठेवलं असतं. आकडा चढला की उठायचं. धोका शून्य आहे असं नाही म्हणणार मी. पण हो, आणलं असतं."

डॉक्टरांनी होकार दिला. एका सकाळी ग्रंथपालांनी बायकोला हात धरून आणलं. झरोकाबाई आधीच येऊन थांबली होती. दोघींची ही पहिलीच भेट.

"तूच का ती? यांच्या तोंडी सारखं तुझंच नाव असतं. मी म्हटलं, बघावं तरी कोण आहे," बायको म्हणाली.

"सर तर मला सारखे रागावतात."

"मग झालं. ज्यांच्याविषयी काही वाटत नाही, त्यांना ते रागावतही नाहीत."

ग्रंथपालांनी उगीचच एक कपाट नीट लावायला घेतलं. बायको खिडकीशी बसली. बोटभर फटीतून गार हवा येत होती. तिनं स्वेटरची कॉलर वर केली, प्रवासवर्णनाचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि यंत्राकडे एकदा बघून वाचायला लागली. थोड्या वेळानं तिनं यंत्राकडे बघणंही सोडून दिलं. मुलं येऊ लागली तेव्हा ती उठली, पण पुस्तक बरोबर घेऊन.

घरी जाताना तिनं विचारलं, "आता पुढं काय करणार ती?"

"वसतिगृह. भोजनगृह तळघरात आहे, हवेचं नाव नाही. व्यवस्थापक म्हणतो, तिला आत पाऊल ठेवू देणार नाही."

"मग?"

"मग काय, उद्या मीही जाणार आहे बरोबर. त्या व्यवस्थापकाला मी चांगला ओळखतो. माझ्यासारखाच आहे. आधी नाहीच म्हणणार."

"त्याला काय विचारायचं, ते माहीत आहे ना?" बायको म्हणाली, आणि वळणावर जरा दम घ्यायला थांबली. ग्रंथपालही थांबले.