सांगलीचे दहा, कडेगावचे तीस

माझ्या नवऱ्याचं आणि माझ्या भावाचं बोलणं बंद आहे आणि त्याची शिक्षा मी भोगते आहे. भांडण त्यांचं, फोन माझा. नवरा नईम विश्रामबागेतल्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो. भाऊ यासीन त्याच हॉस्पिटलच्या कडेगावच्या छोट्या शाखेत तेच काम कंत्राटावर करतो. नईमनंच त्याला तिथं चिकटवला. मी माधवनगरच्या शाळेत गणित शिकवते. राउटर या वस्तूशी माझा संबंध एवढाच, की घरातल्या राउटरवरची धूळ मी पुसते.

भांडण कशावरून, तर फेट्यावरून. आमच्या धाकट्या बहिणीचं, अरिबाचं लग्न कडेगावात झालं. आमच्याकडं मांडवाच्या दारात पाव्हण्यांना फेटे बांधतात, आणि कुणाला बांधला, कुणाचा राहिला, हे माणसं मरेपर्यंत विसरत नाहीत. त्या दिवशी फेटे कमी पडले. नवरदेवाच्या मामाच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांची डोकी गुलाबी झाली आणि घरचा थोरला जावई बोडक्या डोक्यानं उभा. फेट्यांचं काम यासीनकडं होतं. तो धावत आला, म्हणाला, "दाजी, थोडं थांबा, विट्याला माणूस धाडलाय." दाजी थांबले नाहीत. बिर्याणीला हात न लावता त्यांनी गाडीला किक मारली ती थेट माधवनगर. मागं मी, उपाशी. यासीनचं म्हणणं, दाजींनी भर मांडवात माझी इज्जत घालवली. नईमचं म्हणणं, इज्जत माझी गेली. आणि दोघांनाही विचारा, तर म्हणणार, "मला कुठं राग आहे?"

हे असंच चाललं असतं तरी मी निभावलं असतं. पण या महिन्यात कडेगावच्या शाखेत नवा राउटर बसवला आणि सांगलीशी असलेली लाइन बंद पडली. आधी कडेगावात काढलेला एक्स-रे सांगलीच्या डॉक्टरांना तिथल्या तिथं दिसायचा. आता कडेगावची नर्स स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून पाठवू लागली. एका म्हाताऱ्याच्या खुब्याला चीर गेली होती, ती त्या धुरकट फोटोत दिसलीच नाही. बिचारा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. हॉस्पिटलच्या मालकीण डॉक्टर विनोदिनी मॅडम भडकल्या. शनिवारी सकाळपर्यंत लाइन चालू पाहिजे, त्यांनी बजावलं, आणि चूक ज्या टोकाला निघेल तिथल्या माणसाला घरी बसवून ते काम पुण्याच्या कंपनीला देणार.

नईम गेला तर माझं घर, यासीन गेला तर माहेर. अम्मीचं औषधपाणी यासीनच्या त्या कंत्राटावर चालतं.

मग सुरू झाला माझा छळ. पहिल्या तासाला फळ्यावर वर्तुळ काढतेय, तर फोन थरथरतोय. बाहेर येऊन घेतला.

"आपा, दाजींना सांग, माझ्याकडचं समदं बरोबर हाय. टनेल उभा हाय, पिंग जातंय. त्यांचाच राउटर बोलंना."

नईमला लावला. "त्याला म्हणावं, पिंग जातंय म्हणजे नुसता रस्ता झाला. नेबर कुठाय?"

"नेबर म्हणजे काय?"

"ते तुला कळायचं नाही. त्याला सांग."

"मला कळल्याशिवाय मी एक अक्षर सांगायची नाही," मी म्हटलं. तेव्हा कुठं त्यानं समजावलं. दोन्ही गावांच्या मध्ये इंटरनेटच्या आतून एक खासगी रस्ता काढलाय, तो टनेल. त्यावरून हाक मारून पलीकडून ओ येते का बघायचं, ते पिंग. पण रस्ता झाला म्हणून काम होत नाही. आपल्या बाजूला कुठली कुठली मशीन आहेत, हे दोन्ही टोकांच्या राउटरनी एकमेकांना सांगावं लागतं. ते सांगायच्या आधी दोघांनी एकमेकांना शेजारी, म्हणजे नेबर, मानावं लागतं. त्यासाठी दोघंही सतत 'हॅलो' पाठवत राहतात. किती सेकंदांनी पाठवायचं, हा आकडा दोन्हीकडं तोच लागतो. आकडा वेगळा असला, की समोरच्याचा हॅलो आला तरी घेत नाहीत, सरळ टाकून देतात.

"म्हणजे तुमच्यासारखेच," मी म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

दिवसभर निरोप वाहून वाहून माझ्या नाकी नऊ आले. पासवर्ड तोच का? तोच. दोन्हीकडचे पत्ते बरोबर का? बरोबर. स्टाफरूममध्ये क्रांती मॅडम मला म्हणाल्या, "फिरदोस, तू टेलिफोन खात्यात लागलीस काय?" शेवटी बुधवारी संध्याकाळी मी दोघांकडून हॅलोचा आकडा काढून घेतला. सांगलीत दहा सेकंद, कडेगावात तीस. नवा राउटर दुसऱ्याच कंपनीचा, तो येतानाच तीस घेऊन आला होता. चौथीतल्या पोरालाही कळेल, की दहा आणि तीस समान नाहीत.

"सापडलं!" मी म्हटलं. "आता एकानं बदला."

"सगळ्या शाखांना दहा आहे," नईम म्हणाला. "त्यानं बदलावं."

"आवं आपा, मीच का बदलायचं?" यासीन म्हणाला. "लग्नापासून माझंच चुकतंय व्हय सगळं?"

मी कपाळावर हात मारला. एका आकड्यासाठी दोन बाप्ये अडून बसलेत आणि तिकडं पेशंट बाकावर ताटकळताहेत. मी दोघांनाही सांगून टाकलं, "तुमचं तुम्ही बघा." आणि झोपले.

गुरुवारी नवाच तमाशा. नईमचा फोन, आवाज चढलेला. "तुझा भाऊ मुद्दाम करतोय."

"काय करतोय?"

"काय ते त्यालाच विचार."

यासीनला विचारलं, तर तो माझ्यावरच खवळला. "दाजी माझी चेष्टा करत्यात, आपा. मी काय खुळा हाय? मी बघतोय की समदं."

"काय चेष्टा? कसली?"

"सोड. न्हाई सांगायचं मला."

दुपारी तेच, चहाच्या वेळी तेच. 'मुद्दाम करतोय', 'चेष्टा करत्यात'. काय करतोय ते कुणी सांगेना. पोरांच्या वह्या तपासताना माझा तोल इतका गेला, की एका बरोबर उत्तरावर मी लाल फुली मारली आणि मग ती खोडत बसले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्येच ठाण मांडलं. उद्या सकाळी मुदत संपत होती. दोघांना निक्षून सांगितलं, की तोंडी काही ऐकणार नाही, आत्ता तुमच्या समोर जी स्क्रीन आहे तिचा फोटो पाठवा. दोघांनी कुरकुर केली. पाठवले मात्र.

मी फोटो पाहिले. सांगलीच्या स्क्रीनवर तीस. कडेगावच्या स्क्रीनवर दहा.

मला वाटलं, मीच फोटोंची अदलाबदल केली. पुन्हा पाहिलं. अदलाबदल नव्हती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि त्याबरोबर असा संताप आला, की समोरचा डस्टर कुणावर तरी फेकावासा वाटला. मी दोघांना एकाच कॉलवर घेतलं. न विचारता.

"नईम, तुमच्याकडं दहा होतं ना? तीस कसं झालं?"

मी थेट दुसऱ्याला धरलं.

"यासीन, तुझ्याकडं तीस होतं. दहा कुणी केलं?"

आधी नईम खाकरला. "मी म्हटलं, जाऊ दे, लहान आहे, त्याचंच ठेवू. म्हणून बुधवारीच तीस केलं. तर हा लगेच दहावर गेला."

"मी लगेच न्हाई गेलो!" यासीन ओरडला. "मी म्हटलं, दाजी मोठं हायत, आपण कशाला धरून बसायचं. म्हणून मी दहा केलं. बघतोय तर टाकून दिलेल्या हॅलोवर तुमचा आकडा तीस. मग मला वाटलं, तुमी मुद्दाम करतायसा. परत तीस केलं, तर तुमी परत दहा!"

"अरे, मी तुझ्यासाठी परत दहा केलं!"

गुरुवारी दिवसभर हेच चाललं होतं. एक जण माघार घ्यायचा, त्याच वेळी दुसराही घ्यायचा, आणि समोरच्याची माघार प्रत्येकाला टोमणा वाटायची. माघार घेतली हे बोलून दाखवायचं नाही, कारण बोललं तर मान खाली जाते.

"मग बोलला का नाहीस?" नईमनं विचारलं.

"तुमी बोललासा का?" यासीन म्हणाला.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच एकमेकांना उद्देशून बोलत होते. मला त्याचं कौतुक करायला वेळ नव्हता. "यासीन, दोन्ही हातांनी फोन धर. कीबोर्डला बोट लावशील तर याद राख. नईम, तुम्ही दहा करा. एकट्यानं. आणि तिथंच थांबा."

टकटक ऐकू आली.

"आला," नईम म्हणाला. "नेबर आला."

"व्हय, हिकडं पण दिसतोय," यासीन म्हणाला. "फुल्ल झाला, दाजी, पुरता जोडला. एक एक्स-रे टाकून बघू का?"

"टाक, टाक."

एक्स-रे सांगलीत उघडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आता मॅडमना काय सांगायचं तेही मीच ठरवून दिलं. "नवा राउटर वेगळ्या कंपनीचा, त्याचा आपल्या जुन्या आकड्याशी मेळ नव्हता, तो बसवला. चूक कुणाचीच नाही. हेच खरं आहे आणि एवढंच सांगायचं. कळलं?"

"कळलं," नईम म्हणाला.

"व्हय आपा," यासीन म्हणाला.

शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले तर दारात गाडी थांबत होती. पुढं नईम, मागं यासीन. एका गाडीवर. मला इतका आनंद झाला, की मी हातातली पिशवी पायरीवरच ठेवली. मग दोघांचे चेहरे दिसले.

"काय झालं?"

यासीन चपला काढत राहिला. नईमनं सांगितलं. मॅडमनी दोघांना विश्रामबागेत बोलावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळीच त्यांना दोघांचे मेसेज गेले होते. नईमनं कळवलं होतं, 'चूक पूर्णपणे सांगलीची होती, कडेगावचं सगळं बरोबर होतं.' यासीननं कळवलं होतं, 'चूक पूर्णपणे कडेगावची होती, सांगलीचा काही दोष नाही.'

मी भिंतीला टेकले.

"मॅडम म्हणाल्या," नईम बोलत होता, "बिघाड एक आणि दोघंही म्हणतात पूर्ण चूक माझीच. म्हणजे एक तरी जण खोटं बोलतोय. बिघाड कुठं होता हे ज्यांना कळत नाही, किंवा कळूनही जे खरं सांगत नाहीत, त्यांच्या हातात मी पेशंटचे रिपोर्ट ठेवणार नाही. दोन्हीकडं पुण्याची माणसं येतील. आम्हाला महिनाअखेरपर्यंतच काम आहे."

"मग तिथं तरी खरं सांगायचं होतं!"

"सांगणार होतो. पण हा माझ्या आधी बोलला, की माझीच चूक. त्याला मॅडमसमोर खोटा कसा पाडू?"

"दाजींना तरी मी खोटं कसं पाडणार?" यासीन म्हणाला.

"मेसेज करायच्या आधी एकमेकांना एक फोन करता आला नाही?" माझा आवाज शेजारी गेला असेल, जाऊ दे. "आता तर बोलत होतात ना?"

"विचारलं असतं, तर दाजींनी मला चूक अंगावर घेऊ दिली नसती," यासीन म्हणाला.

"आणि यानं मला," नईम म्हणाला.

मॅडमचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मला या दोघांच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि दोघांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटत होता. दोन्हीतलं एकही करता येईना, म्हणून मी आत जाऊन तवा ठेवला. तव्यावर भाकरी टाकली, दोघांना ताटं वाढली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"आपा बोलंना, दाजी," यासीननं नईमकडं बघितलं. "तुमी विचारा की."

"मी कशाला? तुझी बहीण आहे."

"तुमची बायको हाय. आदी तुमी."

"तू लहान आहेस, तू विचार."

दोन घरांतले दोन पगार एका सकाळी गेले होते, अम्मीला काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं, आणि हे दोघे माझ्या चुलीपाशी बसून, माझ्याशी आधी कुणी बोलायचं यावर एकमेकांशी भांडत होते.