तेल प्यायलेला तुकडा

थोरल्याने चिमट्यात स्पंजचा तुकडा धरला आणि बर्नरची ज्योत त्याच्या कडेला लावली. तुकडा काळवंडला, धुरकटला, आणि ज्योत बाजूला करताच मुकाट्याने विझला. तो विझला याचं थोरल्याला वाईट वाटलं.

हा स्पंज धाकट्याने शोधून काढला होता. खाणीत कोळसा फोडणाऱ्या यंत्राच्या केबिनला तो आतून चिकटवला की कानठळ्या बसवणारा आवाज निम्म्यावर येई. एका केबिनमध्ये लावून बघितला होता. सोमवारपासून सगळ्यांत लागणार होता. खाणीतच कान गमावून बसलेले बाबा तर भेटेल त्याला सांगत सुटले होते, की आमच्या धाकट्याने पोरांचे कान वाचवले. थोरला वीस वर्षं तपासणीच्या खोलीत वस्तू जाळून बघत होता. आग लागली नाही, याचं कौतुक कोण करणार? धाकट्याचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखे.

सही करायला पेन उचललं, तर ट्रेमध्ये कागदात गुंडाळलेला आणखी एक तुकडा दिसला. सोबत चिठ्ठी नव्हती. तो त्याच केबिनमधला वापरलेला असावा. यंत्राचं तेल पिऊन जड झालेला, कोळशाच्या भुकटीने माखलेला. नियम कोरा माल तपासण्याचा होता. थोरल्याने तरी ज्योत लावली.

तुकडा भडकला. ज्योत काढली तरी जळत राहिला, पेटते थेंब टपकले, खोली धुराने भरली. वाळू टाकताना थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग त्या केबिनमध्ये आत्ता कोणीतरी बसलं असेल हे आठवलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. फोन करून त्याने ते यंत्र थांबवायला लावलं.

अहवाल अर्धा लिहून तो धाकट्याकडे गेला. काय बोलायचं ते जिन्यातच घोकलं होतं.

"जळला ना, दादा?" धाकट्याने दारातच विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मीच ठेवला होता. तेलाची शंका बोलून दाखवली, तर सगळे हसले. बाबासुद्धा. माझ्या कामात खोट काढायला तूच एकटा टपलेला असतोस."

थोरल्याला हसावं की रडावं कळेना. परत येऊन त्याने 'नापास' लिहिलं. 'दोष कोणी शोधला' या रकान्यात मघाशीच ठळक अक्षरांत स्वतःचं नाव घातलं होतं. त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, मग शेजारी धाकट्याचंही लिहिलं.

जरा बारीक अक्षरात.