लवूने मारलेली फुंकर

लवू घाडीने तीस वर्षे गिरणीत यंत्रे दुरुस्त केली. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत त्याला फिटरची जागा मिळाली. भांडुपहून रोज यायचा. हात असा बसलेला की पितळेचा तुकडा नुसता चाचपून किती घासायचा ते सांगे.

उत्तरा त्याच संस्थेत मेकॅनिकल इंजिनियर होती. आधी ती टर्बाइनची पाती का मोडतात ते शोधायची. ते सोडून तीन वर्षे ती सिलिकॉनच्या मागे लागली होती. रेडिओतल्या चिपा ज्याच्या करतात, त्याच पदार्थातून तिला हलणारी यंत्रे कोरायची होती. शेजारच्या टेबलावरचा विद्याधर म्हणायचा, "बाकीचे बॉयलर बनवतात आणि तू धूळ बनवतेस गं."

सोमवारी दिल्लीहून पैसे देणारी माणसे येणार होती. चिपेवर कोरलेली सिलिकॉनची पट्टी हलताना दिसली तर काम पुढे चालणार, नाहीतर बंद. शुक्रवारी लवूने चिप धरायला केलेला पितळी चिमटा आणून दिला. उत्तराने त्यात चिप बसवली.

"पट्टी खंय आसा, बाय? माका तर काचेचो तुकडो दिसता," लवू चिपेवर वाकून शोधत म्हणाला.

तिने त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. तुकड्याच्या कडेला पाच पट्ट्या होत्या. एक टोक धरलेले, दुसरे हवेत, खाडीवर काढलेल्या फळ्यांसारख्या. वर सोन्याचा मुलामा.

"एका केसाचे पन्नास पापुद्रे काढलेत, तर त्यातल्या एकाएवढी ही जाड," उत्तरा म्हणाली.

लवूने डोळा लावला तो काढवेना. आयुष्यभर ज्या कामाला तो बारीक म्हणत आला, ते याच्यापुढे डोंगराएवढे होते. मग त्याला चिमट्यावर धुळीचा कण दिसला. हात कामाला लागला की तोंडही लागते. तीस वर्षे लोखंडाचा कीस उडवला तशी त्याने फुंकर मारली.

उत्तराने त्याला बाजूला केले आणि आत पाहिले. एकेक पट्टी ती तपासत गेली.

"काय झालां?"

"पाचही खाली चिकटल्या, काका. तुमच्या श्वासाचा ओलावा. तो सुकताना पट्टीला खाली ओढतो. इतक्या लहान जागेत वजनाला काही किंमत नाही, पाण्याच्या ओढीपुढे काही टिकत नाही."

"सोडवून काढूया."

"तुटतील. अजून एकच चिप उरलीय. दुसरी करायला चार महिने जातात."

विद्याधर उठून आला आणि सूक्ष्मदर्शकात डोकावला. लवू म्हणाला, "बाय, तूच बसव. माका नको सांगू."

तिने प्रयत्न केला. चिमट्याचे दोन्ही स्क्रू सारखे आवळायचे होते, एक पुढे गेला की चिपेला तडा. डावा स्क्रू किंचित पुढे जाऊ लागला, तो तिने लगेच सैल केला. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्हीच बसवा, काका."

लवूने तोंडाला रुमाल बांधला. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. शर्ट पाठीला चिकटला. स्क्रू थांबला तसा तोही थांबला.

उत्तराने लेसर लावला. पट्टीवरून परतलेला लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला. स्क्रूड्रायव्हर उचलायला लवूने हात पुढे केला, तर ठिपका सरकला. बोटभर वर चढला.

"मोडली?" लवूने घाबरून हात मागे घेतला. ठिपका हळूहळू उतरून पूर्वीच्या जागी आला.

"मोडली नाही. तुमच्या हाताची ऊब लागली तिला," उत्तरा म्हणाली. "सोनं जास्त फुगतं, सिलिकॉन कमी. म्हणून वाकते."

"मी हात लावूक नाय."

"लावायची गरजच नाही."

लवूने वीतभर अंतरावर तळवा धरला. ठिपका चढला. काढला, उतरला. विद्याधरनेही हात धरून पाहिला, ठिपका जेमतेम हलला.

"तुझा हात गार आहे रे," उत्तरा त्याला म्हणाली. "सोमवारी काकाच हात धरतील."

ठिपका किती चढला तो आकडा ती वहीत लिहायला बसली. लवूने दोन्ही हात पाठीशी घेतले आणि देवासमोरून निघावे तसा टेबलाकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत तो दारापर्यंत गेला.