मावशीनं वाचवलेलं बेट

मी बेट बोलतोय. खरं नव्हे, खोटं बेट. बंदर खोल करताना उपसलेला चिखल टाकायचा कुठे, असा प्रश्न पडला आणि मी जन्माला आलो. लोक गाळात जातात, मी गाळातून वर आलो. एवढाच माझा पराक्रम.

आधी माझ्यावर तोफ बसवली. मी छाती फुगवून शत्रूची वाट पाहिली. तो फिरकलाच नाही. सरावाचा एकच गोळा सुटला, तोही आपल्याच मच्छीमारांच्या जाळ्यात पडला. मग साथीच्या रुग्णांसाठी दवाखाना बांधला. तो पुरा होईस्तोवर साथ ओसरली. पुढे हॉटेल झालो. भरतीला टेबलांखाली पाणी यायचं आणि गिऱ्हाइकं पाय वर घेऊन जेवायची. एक ना धड, भाराभर चिंध्या!

शेवटी जहाजांना वाट दाखवणारा दिवा तेवढा उरला. तो सांभाळायला दिवेवाला आणि त्याची बायको आली. तो वारला, ती राहिली. सगळे तिला मावशी म्हणत. बंद हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिचा संसार होता.

"मेल्या, पुन्हा खचलास होय!" म्हणत ती माझ्या कडेला दगड रचायची. मला फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी बंदराचे साहेब आले. मोठ्या जहाजांसाठी मला उपसून टाकायचं होतं.

"कृत्रिमच तर बेट आहे, मावशी. काढलं तर काय बिघडतंय?"

"माझी कवळीपण कृत्रिमच आहे. ती काढून तुम्ही मला जेवायला वाढा, मग कळेल काय बिघडतंय!"

तिनं त्यांना मागच्या वाळूवर नेलं. पावलागणिक पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी होती.

"ह्यांनी कुठं जायचं, सांगा."

साहेब भरपूर फोटो काढून गेले.

यंदा साहेबांकडून नावाड्यानं पाटी आणली, 'पक्ष्यांसाठी राखीव'. मावशीला कोण आनंद! खुर्चीवर चढून तिनं ती स्वतः ठोकली. खाली उतरून चष्मा लावला, तेव्हा बारीक अक्षरातली ओळ दिसली, 'मनुष्यवस्तीस मनाई'.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे," नावाडी पुटपुटला.

"असू दे. पाटी सरळ बसलीय ना, बघ."

दिवा हल्ली आपोआप लागतो, त्यामुळे तिला थांबवायला सबबही नव्हती. ती नावेत बसून गेली.

आता माझ्यावर पक्षीच पक्षी आहेत. जन्मात पहिल्यांदा मी उपयोगी पडलोय, आणि मला करमत नाही.

संध्याकाळी ती समोर बंदराच्या धक्क्यावर येऊन उभी राहते. मला हात नाहीत. तुम्ही जवळपास असलात, तर माझ्या वतीनं तेवढा हात हलवा. पक्षी बघायला आलेय, असं ती म्हणेल. म्हणू द्या.