धाप लागायची वेळ

“मॅडम, सत्काराच्या आधी एक सांगायचं हाय,” असं म्हणत लहानूकाकांनी प्राणीघराचं दार आतून लोटून घेतलं.

उद्यापासून ते निवृत्त, आणि प्राणीघरही बंद. त्र्यंबक रोडवरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात त्यांनी तीस वर्षं प्राणी सांभाळले. शेवटचे गिनीपिग कालच दुसऱ्या कॉलेजात गेले होते.

“तुमचं ते अडुळशाचं औषध,” ते म्हणाले, “ते फेल नव्हतं.”

मला हसूच आलं. बावीस वर्षांपूर्वी मी इथेच एम.फार्म. करताना ते दम्यावरचं औषध तपासत होते. काय दिवस होते! काका सायखेड्याहून एसटीने लसूणघासाचा भारा आणत आणि माझ्यासाठी खिशात दोन पेरू. गिनीपिगांमध्ये आधी अंड्याच्या पांढऱ्या भागाची ॲलर्जी निर्माण करायची, अर्ध्यांना औषध द्यायचं, मग काचेच्या पेटीत बसवून त्या पांढऱ्या भागाचाच फवारा सोडायचा. औषध चांगलं असेल तर धाप उशिरा लागणार. स्टॉपवॉच माझ्या हातात, पण नजर काकांची. ते “आली!” म्हणाले की मी बटण दाबायची आणि ते प्राण्याला बाहेर काढायचे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“बिनऔषधाचे लगेच धापा टाकायचे, लगेच सुटायचे,” काका सांगू लागले. “तुमच्या औषधाचे मात्र आत बसूनच. फवारा चालूच, आन् ते माझ्याकडं टुकुटुकु बघायचे. मला नाय बघवलं. धाप लागलेली नसतानाच मी ‘आली’ म्हणायचो.”

मी स्टुलावर बसले. औषध लागू पडत होतं, म्हणूनच ते नापास झालं होतं. त्या निकालानंतर मी संशोधनाचा नाद सोडला आणि हातात खडू घेतला तो आजवर. मला रडू आलं. रागही आला, खोटं कशाला सांगू?

“चुकलं ना माझं?”

“चुकलं, काका.”

त्यांनी मान डोलावली. मी उगाच समजूत घातली असती तर त्यांना ते आवडलं नसतं.

हॉलमधून बोलावणं आलं, पण काकांनी नळ सोडला. मीही पदर खोचला. रिकाम्या पिंजऱ्यांत आता कुणीच राहायला येणार नव्हतं, तरी काका एकेक कोपरा ब्रशने घासत होते. मी पाणी ओतत राहिले.